जीभ अडखळेल तिथे

ॲडव्होकेट हेमांगी टिपणीस कुठलाही करार नुसत्या डोळ्यांनी वाचत नसत. उभं राहायचं, चष्मा कपाळावरून नाकावर उतरवायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीच्या जागेपर्यंत सगळा करार आरती म्हणावी तसा खड्या आवाजात म्हणायचा. ऑफिसात नवा ज्युनियर आला की पहिल्या दिवशी त्याला चहाच्या आधी हा उपदेश मिळे. "डोळा लबाड असतो, पुढे सरकतो. जीभ लबाडी करत नाही. जीभ अडखळेल तिथे थांबायचं. वाक्यात खड्डा आहे असं समजायचं. आपला असेल तर बुजवा, समोरच्याचा असेल तर वर गवत पसरा."

गवत पसरण्यात बाईंचा हात धरणारं पुण्यात कोणी नव्हतं. एरंडवण्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तंत्रज्ञान कंपन्यांचे करार, माहितीची गोपनीयता आणि नोकरीविषयक कायदे अशा तीन गाई दुभत होत्या, आणि तिन्ही एकाच दावणीला. स्वतःचा काडीमोडसुद्धा त्यांनी बारा पानी घेतला होता, गोपनीयतेच्या कलमासकट. त्यामुळे भांडण नक्की कशावरून झालं हे नवऱ्याला आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही. संसारातून हाती राहिली ती एक लेक, ऋजुता. अठ्ठावीस वर्षांची, वकील, आईच्याच ऑफिसात आईच्याच टेबलाच्या टोकाला बसणारी. नाव बापाने ठेवलेलं. "सरळपणा म्हणे," बाई अशिलांना सांगत, "धंद्याला जरा घातकच."

बाईंचं सगळ्यात मोठं अशील होतं अष्टकोन सर्व्हिसेस. खराडीला सात मजले, चार हजार माणसं, आणि सगळी दिवसभर फोनवर बोलणारी. ही कंपनी नऊ वर्षांपूर्वी बाईंकडे आली ती कानोसा घेऊन.

कानोसा हे यंत्र म्हणायचं तर यंत्र, नाही तर नुसता एक प्रोग्राम. साधा 'नमस्कार' म्हणायला ओठ, जीभ, टाळू आणि घसा यांचे कितीतरी स्नायू ठरलेल्या क्रमाने हलावे लागतात, आणि त्यांना ताल देतात मज्जातंतू. एखादा तंतू आतून सुकायला लागला की ताल सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकतो. माणसाच्या कानाला ते कळत नाही. ताज्या दमाचा माणूस ते लपवूनही नेतो. पण तिसऱ्या तासाला, चौथ्या तक्रारखोर गिऱ्हाईकापुढे, घसा थकला की ती चूक गळक्या नळासारखी ठिबकू लागते. कानोसा तेवढंच ऐकायचा. म्हणून त्याला एखाद्या मिनिटाचा नमुना चालत नसे. वर्षभराचं तीनशे तासांचं कामाचं, कंटाळ्याचं, दमलेलं बोलणं लागे. एवढं कुठल्या डॉक्टरकडे असणार? ते असतं फक्त मालकाकडे. 'हा कॉल ध्वनिमुद्रित होऊ शकतो' असं म्हणणाऱ्याकडे.

आणि कानोशाला ऐकू येई तो स्वरक्षय. आधी जीभ जड, मग गिळणं, मग हात, मग श्वास. लक्षणं दिसण्याच्या पाच वर्षं आधी यंत्र सांगत असे. या रोगावर एक गोळी निघाली होती, लोक तिला थांबागोळी म्हणत. पहिली खूण उमटल्यापासून वर्षाच्या आत सुरू केली तर रोग जागच्या जागी थांबे. नंतर घेतली तर खडीसाखर बरी. निरोगी माणसाने घेतली तर त्याचेच तंतू बधिर करी, म्हणून कानोशाच्या दाखल्याशिवाय डॉक्टर तिला हात लावत नसत.

आता कायदा असा, की तुमच्याबद्दलची माहिती तुम्ही मागितलीत तर कंपनीने ती दिली पाहिजे. म्हणजे यंत्राला कळलं की माणसाला सांगा, मग विमा, भरपाई, पाच वर्षं आजारी रजा. अष्टकोनचे मनुष्यबळ प्रमुख फिरोज मुलाणी, साताऱ्याचे सभ्य गृहस्थ, तेव्हा घाम पुसत बाईंच्या समोर बसले होते. "मॅडम, यंत्र बंद करावं का?"

"कशाला? चांगलं चाललंय की," बाई म्हणाल्या. "शेजारीण तुमच्याबद्दल काय विचार करते ही तुमची मालमत्ता आहे का? नाही ना? मग यंत्राला काय वाटतं ते यंत्राचं मत. मत म्हणजे माहिती नव्हे. आणि ते माणसाच्या नावावर लिहूच नका, लॉगिनच्या खात्यावर लिहा. खात्याला कुठे आलेत मूलभूत हक्क?"

त्यातून जन्माला आलं 'परिशिष्ट ग'. पाच पानं. बाईंनी एकटीने लिहिलेली, कपाटात कुलपात ठेवलेली, ऋजुतालाही कधी न दाखवलेली. लेकीचे हात इतक्या लवकर बरबटू नयेत एवढी माया बाईंच्यात होती. मत कुठल्याही माणसाने पाहायचं नाही, म्हणजे साक्षीला कोणाला ओढता येणार नाही. प्रणालीनेच परस्पर मुदत ठरवायची: स्वच्छ खात्याला पाच वर्षांचा करार, डागी खात्याला अठरा महिन्यांचा, म्हणजे लक्षणं दिसायच्या आत माणूस दाराबाहेर. आणि कलम चौदा: खातेधारकाच्या वतीने कुठलाही वाद उपस्थित होताच, नोटीस असो वा तक्रार, त्याच क्षणी मत आणि त्यामागचं सगळं ध्वनिमुद्रण नष्ट व्हावं. कशासाठी? 'खातेधारकाच्या गोपनीयतेच्या रक्षणार्थ.' हे शब्द लिहिल्यावर बाईंनी स्वतःला एक कॉफी पाजली होती.

कलम चौदाची चव पहिल्यांदा घेतली दिगंबर खरात याने. पाळीप्रमुख, वय एक्केचाळीस, करार अचानक अठरा महिन्यांवर आलेला. न्यायाधिकरणात त्याने नोकरी मागितलीच नाही. एकच प्रश्न विचारला, "मला ते आहे का नाही, एवढं सांगा." बाईंनी वीस मिनिटांत दावा निकाली काढला. बाहेर व्हरांड्यात तो त्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"मॅडम, पैसा नको, काही नको. फक्त हो का नाही. माझी पोरगी चौथीत आहे हो."

"खरात, तुम्ही नोटीस पाठवलीत ना? ज्या दिवशी मिळाली त्या दिवशीच ते पुसलं गेलं. आता मलाच काय, देवालाही ठाऊक नाही." आणि मग, माणुसकी म्हणून, "वकील करण्याआधी विचारायचं होतंत कोणाला तरी."

सहा वर्षांनी तोच खरात न्यायालयाच्या उपाहारगृहात दिसला. बायको त्याला बशीतून चहा पाजत होती. बाईंकडे पाहून तो काहीतरी म्हणाला. त्यात व्यंजनं नव्हती. बाईंनी मान हलवली, इडली अर्धी टाकली आणि अडीचच्या सुनावणीला गेल्या. जिंकल्याही.

अशा बाई. नोव्हेंबरातल्या एका सकाळी अष्टकोनकडून त्यांच्या स्वतःच्या सल्लागारीच्या कराराचं नूतनीकरण आलं. सल्लागार म्हणून त्या गेली पाच वर्षं कंपनीच्या फोनप्रणालीवर होत्या, खातं क्रमांक सात शून्य दोन. एप्रिलमध्ये आलेल्या कच्च्या मसुद्यात पाच वर्षांची मुदत होती. बाई उठल्या, चष्मा नाकावर आणला, म्हणू लागल्या. पक्षकार, व्याख्या, सेवा. मग आलं कलम सहा. "सदर कराराची मुदत अठरा महिने राहील."

जीभ अडखळली नाही. वाक्य निर्दोष होतं, त्यांचंच होतं. बाई मात्र खाली बसल्या.

बसल्या बसल्या हिशेब मांडला. यंत्र चुकत नाही. हे न्यायाधिकरणापुढे त्यांनीच सिद्ध केलं होतं. खूण एप्रिलनंतरची, म्हणजे गोळीला अजून निदान पाच महिने आहेत. छप्पन वर्षांच्या आयुष्यात वेळेवर पोचण्याची त्यांची ख्याती होती. दाखला कसा काढायचा ते बघू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पाण्याचा पेला उचलला.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला फोन वाजला. ऋजुताने उचलला.

"टिपणीस बोलतेय. हो, मुलाणीसाहेब, बोला ना. नाही नाही, मी स्वतःच पाहिलंय ते."

आईचाच आवाज. तीच पट्टी, तोच खोकल्याआधीचा ठहराव. लहानपणापासून नातेवाईक फोनवर विचारत, "कोण, आई की लेक?" दोन वर्षांपूर्वी बाईंना ही देणगी उपयोगाची वाटली. मोठ्या अशिलाला मोठी वकीलच हवी असते, ज्युनियर चालत नाही. तेव्हा कंटाळवाणे कॉल ऋजुताने घ्यायचे, बाईंच्याच खात्यावरून, बाईंच्याच नावाने. बाईंची वर्षभराची मेहनत पाहून अष्टकोनचे लोक थक्क होत. "मॅडम, तुम्ही झोपता कधी?" मुलाणी विचारत.

पाण्याचा पेला बाईंच्या हातात तसाच राहिला. सात शून्य दोन या खात्यात दोन गळे होते. डाग खात्यावर होता. कोणाच्या गळ्यावर, ते खात्याला ठाऊक नव्हतं. माणसाचं नाव लिहू नका, असं त्याला शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई खराडीला गेल्या. मुलाणींनी दार लावून घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी अशिलापुढे चूक कबूल केली: खातं वाटून घेतलं होतं, करारभंग होता, हवी ती कारवाई करा. मुलाणी ऐकत राहिले.

"मॅडम, कारवाईचं जाऊ द्या. मी तुम्हाला आत्ता सांगितलं असतं. रोजे धरणारा माणूस आहे मी, शपथ घेतो. पण मला दिसतच नाही. कोणालाच दिसत नाही. तुम्हीच तसं..."

"मला माहितीये मी काय लिहिलंय."

"डॉक्टरांचा दाखला?"

"कानोसा व्यक्तीच्या विनंतीवर दाखला देत नाही. फक्त मालकाला." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तेही माझंच आहे."

मुलाणींनी ड्रॉवरमधून एक अर्ज काढला. "एक वाट आहे. खातं-विभाजन. तांत्रिक दुरुस्ती म्हणून. जुनं ध्वनिमुद्रण यंत्र पुन्हा ऐकेल, दोन गळे वेगळे काढेल, दोन खाती करेल आणि दोघींना आपोआप दोन करार येतील. एक पाच वर्षांचा, एक अठरा महिन्यांचा. मग तुम्हाला कोणी काही सांगायची गरजच नाही. सोमवारी दुपारपर्यंत निघेल. तो अठरा महिन्यांचा कागद मी मालकाच्या शिक्क्याने डॉक्टरांकडे पाठवीन. नोकरी गेली तरी चालेल."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या काडीमोडातही आलं नव्हतं. "तुम्ही माणूस आहात, मुलाणी."

"खरातच्या वेळीही होतो, मॅडम," मुलाणी म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग त्यांनी विचारलं, "ऋजुताला सांगितलंत?"

"सोमवारी. कागद बघून. तिचा कागद स्वच्छ आला तर कळायचीही गरज नाही तिला. माणसाला न जाणण्याचाही हक्क असतो."

न्यायाधिकरणातही त्यांनी हेच वाक्य वापरलं होतं. तिथे टाळ्या पडल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी अर्ज लेकीपुढे सरकवला. "इथे सही कर. तांत्रिक आहे."

"वाचू तर दे."

"सगळं काय वाचायचं असतं? कर सही."

ऋजुताने आईकडे पाहिलं. ज्या बाईने तिला दुधाच्या पाकिटावरचा मजकूरही मोठ्याने वाचायला लावला होता, ती आज न वाचता सही कर म्हणत होती. सरळपणा धंद्याला घातक असतो तो असा. तिने सही केली, अर्ज गेला. आणि शनिवारी आई दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना तिने अर्जाची प्रत काढली, उभी राहिली आणि म्हणायला लागली. तिसऱ्या ओळीत जीभ अडखळली: 'अठरा महिने मुदतीच्या खातेधारकाच्या विनंतीवरून'. अठरा? आईची? पाच वर्षांची होती ना?

तिने आईच्या नव्या करारातलं सहावं कलम शोधलं. मग एप्रिलचा मसुदा. मग ती एकटीच मोठ्याने म्हणाली, "बरे आहेत की हे लोक!" सरळ माणसाला जे सरळ दिसायचं तेच तिला दिसलं. आई छप्पन वर्षांची झाली म्हणून तिला अठरा महिन्यांवर आणलंय. वय दिसलं की ओझं. आणि आई, कोणापुढे मान न तुकवणारी आई, लाजेने गप्प बसून लेकीच्या नावाने दुसरं खातं उघडतेय, म्हणजे अशील घरातच राहावं. कशी झोपत असेल बिचारी!

तिने रविवार सगळा घातला. वयावरून भेदभाव, चौदा मुद्दे, तीन निवाडे. असा मसुदा तिने आजवर लिहिला नव्हता. आईच्या वतीने, वकील म्हणून पहिल्यांदाच स्वतःच्या सहीने, सोमवारी सकाळी अकराला तिने नोटीस पाठवली. मग चितळ्यांकडून अर्धा किलो आंबाबर्फी आणली. निकाल काय लागेल याची तिला खात्री होती.

सोमवारी अकरा वाजून चार मिनिटांनी बाईंच्या पडद्यावर अष्टकोनच्या प्रणालीकडून दोन ओळी आल्या.

'खाते ७०२ बाबत वाद उपस्थित झाल्याची नोंद घेतली आहे. खातेधारकाच्या गोपनीयतेच्या रक्षणार्थ संबंधित मत व त्यामागील ध्वनिमुद्रण कायमचे नष्ट करण्यात आले आहे.'

बाईंनी ते वाचलं. पहिल्यांदाच, नुसत्या डोळ्यांनी. मग मुलाणींना फोन लावला. पलीकडे मुलाणी धापा टाकत होते.

"मॅडम, नोटीस तुमच्याच लेटरहेडवर आहे," मुलाणी म्हणाले. "मी धावत खाली गेलो हो सर्व्हरच्या खोलीत. तोवर... चार मिनिटं. तुम्ही 'त्याच क्षणी' लिहिलं होतं. आमचं यंत्र जरा सावकाशच निघालं."

"परत ऐकवता येईल? नव्याने?"

"येईल की. तीनशे तास. एक वर्ष."

गोळीला पाच महिने होते. बाईंनी फोन ठेवला. वजाबाकी करायची गरज नव्हती.

साडेअकराला प्रणालीने विभाजन पूर्ण केलं. यंत्राजवळ ऐकायला काही उरलेलं नव्हतं. दोन्ही खाती कोरी. कोऱ्या खात्याला डाग नसतो. दोन करार निघाले, दोन्ही पाच वर्षांचे.

ऋजुता नाचतच आत आली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात बर्फीचा पुडा. "आई! बघ, अर्ध्या तासात गुडघे टेकले! अठराची पाच वर्षं केली, आणि मलाही पाच! तू माझ्यापासून का लपवलंस गं? मी काय कुकुलं बाळ आहे? तोंड उघड, आधी बर्फी."

बाईंनी तोंड उघडलं. बर्फी जिभेवर राहिली. जीभ नेहमीइतकीच हलत होती का, थोडी कमी? त्यांनी घास या गालातून त्या गालात नेऊन पाहिला. काही कळलं नाही. कळणार नव्हतंच. कानाला कळेल तेव्हा गोळीची खडीसाखर झालेली असेल, हे त्यांनी शपथपत्रावर लिहून दिलेलं होतं.

"बोल ना काहीतरी. चिडलीस? न विचारता पाठवली म्हणून?"

सांगायचं होतं. वाक्य तयार होतं: आपल्यापैकी एकीला आहे, कोणाला ते माहीत नाही, आणि आता कधीच वेळेवर कळणार नाही. साधं, निर्दोष वाक्य. पण त्या वाक्यामागोमाग दुसरं आलं असतं, आणि नोटीस पाठवणाऱ्या हाताला ते आयुष्यभर पुरलं असतं. बाईंनी दोन्ही वाक्यं गिळली. गिळता आली, याचीही त्यांनी नोंद घेतली.

"छान लिहिलीस नोटीस," त्या म्हणाल्या. "आता करार वाच. मोठ्याने. तुझा."

ऋजुता उभी राहिली. आईचा चष्मा उचलून गंमत म्हणून नाकावर चढवला आणि आईच्याच आवाजात म्हणू लागली. पक्षकार. व्याख्या. सेवा. मुदत पाच वर्षे. बाईंनी डोळे मिटले होते. सगळं अंग कान झालं होतं. सातव्या कलमात एक लांबडा शब्द होता, 'पुनर्नवीकरणयोग्य'. ऋजुता त्यावर किंचित अडखळली, हसली आणि पुढे निघाली.

"थांब," बाई म्हणाल्या. "तो शब्द पुन्हा वाच."

"पुनर्नवीकरणयोग्य."

"पुन्हा."

"काय गं, खड्डा आहे का वाक्यात?"

"वाच तू. पुन्हा वाच."